जुन्या बोलेरोची रोजनिशी: शिमगा ते दिवाळी

शिमग्यानंतर, ऊस हंगाम संपता संपता

कॅम्पिंगसाठी जुनी गाडी बांधायची तर पहिला खर्च तंबूवर नको, फ्रिजवरही नको. गाडीत एक खिळा मारण्याआधी ती वजनकाट्यावर घालायची. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात काट्यांना तोटा नाही. ऊस घालणारा काट्यावर जेवढा विश्वास ठेवतो तेवढाच आपणही ठेवावा, म्हणजे दोन वेगळ्या काट्यांवर वजन करून बघावं. डिझेलची टाकी भरलेली, आत सामान काही नाही, चालक खाली उतरलेला. वजनं तीन घ्यायची: फक्त पुढची चाकं, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढची आणि मागची मिळून अख्ख्या गाडीशी जुळली पाहिजेत. फरक मोठा आला तर काट्याची फळी आणि शेजारची जमीन एका पातळीत नाही, दुसरा काटा गाठावा.

कंपनीने दिलेल्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की हातात उरतं ते आपलं भांडवल. त्यातच माणसं, पाणी, लाकूड, लोखंड, सगळं. आठ बाय चारची १२ मिमी प्लायची शीट २३ किलोच्या आसपास भरते, १८ मिमीची ३५. एक इंची चौकोनी पाइप १.६ मिमी जाडीचा घेतला तर मीटरला सव्वा किलोहून थोडा कमी; दहा मीटर म्हणजे १२ किलो. पाण्याचे दोन कॅन ४० किलो. चाळीस लिटरचा फ्रिज भरलेला धरला तर २५ ते ३०. लिथियम बॅटरी १२. पाच किलोचा गॅस सिलेंडर टाकीसकट दहा-अकरा. अंथरूण, भांडी, हत्यारं मिळून ४० कुठे जात नाहीत. बेरीज १७०च्या घरात जाते आणि अजून एकही माणूस गाडीत बसलेला नसतो.

वजन कुठे ठेवलं यालाही तेवढंच महत्त्व. बोलेरोच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २६८० मिमी. मागच्या अ‍ॅक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे, म्हणजे दाराला टेकून, ४० किलो पाणी ठेवलं तर मागच्या अ‍ॅक्सलवर ४० नाही, ५२ किलो पडतात. जादाचे १२ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात, आणि ती चाकं घाटात वळणारी असतात. म्हणून पाणी आणि बॅटरी मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, शक्य तितकी खाली. स्टेपनी आधीच मागच्या दारावर लटकलेली असते. तिथे मोठ्या मापाचं टायर टांगायची हौस असेल तर बिजागरीच्या पिना आधी तपासाव्यात. दार उघडून टोकाला धरून वर उचललं आणि ते हललं, तर पिना गेल्या आहेत.

चैत्र

उन्हाळा आहे तोवर इंजिन थंड ठेवणारी व्यवस्था पूर्ण करून घ्यावी, कारण पावसाळ्यात तिच्यातला दोष दिसत नाही. रेडिएटर उतरवून साफ, वरचा-खालचा होज बदली, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची कॅपसुद्धा. कॅपचा स्प्रिंग सैल झाला की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं, आणि लोक विनाकारण हेड गॅस्केटवर संशय घेतात. कूलंट निम्मं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं. बोअरचं पाणी अजिबात नाही; पाण्याच्या पिंपात जो पांढरा थर बसतो तोच आत नळ्यांमध्ये बसतो. चाचणी आंबा घाटात, दुपारी दोन वाजता, दोनशे किलो भरून. तापमानाचा काटा निम्म्याच्या वर चढून तिथेच राहिला तर फॅनचं व्हिस्कस कपलिंग बघावं: इंजिन गरम असताना बंद केलं की पंखा लगेच थांबायला हवा. तो मोकळा फिरत राहिला तर कपलिंग संपलं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि कोल्हापुरात चार महिने हवा ओलीच असते. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर १४०ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना भरलेल्या गाडीचे डिस्क १४० सहज ओलांडतात. मग पेडल एकदम मऊ पडतं. उपाय साधा: दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं, घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा. हे काम फोटोत दिसत नाही, त्यामुळे कुणी करत नाही.

अक्षय्यतृतीयेच्या सुमारास: पाटे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गाडी मागून बसली की पहिला सल्ला येतो, "मालक, एक पाटा (लीफ स्प्रिंग) वाढवून टाका." वाढवायला हरकत नाही, पण कोणता पाटा हे कुणी विचारत नाही. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. सहा मिमीच्या जागी आठ मिमीचा पाटा घातला तर तो एक पाटा दुप्पटीहून जास्त, जवळजवळ २.४ पट कडक. गाडी भरलेली असताना ठीक, पण वर्षातले तीनशे दिवस रिकाम्या गाडीत तुम्ही गंगावेश ते शिरोली उड्या मारत जाणार. दीडशे-दोनशे किलो कायमच्या वजनाला सहा मिमीचा एक लांब पाटा पुरतो.

दुसरी चूक म्हणजे जुनेच पाटे ठोकून कमान भरून घेणं. थंड लोखंड हातोड्याने वाकवलं की दिसायला कमान येते, पण काही महिन्यांत गाडी पुन्हा होती तिथे. कमान मेली असेल तर नवा संच घ्यावा.

कामाचा क्रम असा. आधी चारही चाकांवर हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत उंची मोजून लिहून ठेवायची. जॅक अ‍ॅक्सलला, स्टँड चासीला. पाटे अ‍ॅक्सलला धरणारे यू-बोल्ट सोडवण्याच्या एक दिवस आधी त्यांवर गंजसोड्या तेल मारून ठेवावं. पाट्यांचा गठ्ठा खाली घेतला की सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना जी-क्लॅम्प आवळल्याशिवाय तो बोल्ट सोडायचा नाही. दाबलेले पाटे सुटले तर बोटं जातात. पाटे तारेच्या ब्रशने घासून मध्ये ग्रॅफाइट ग्रीस. यू-बोल्ट नवेच घ्यायचे. एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तेवढा ताण धरत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या दुव्याचे, बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी केल्यावर, जॅकवर असताना नाही. लटकलेल्या स्थितीत आवळले तर रबरी बुश त्याच कोनात पकडले जातात, गाडी खाली टेकताच पिळले जातात, आणि वर्षभरात फाटतात. मग मागून कुरकुर येते आणि दोष पाट्यांना दिला जातो.

गाडीला वजन ओळखून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा एलएसपीव्ही व्हॉल्व असेल तर त्याच्या दांडीचं सेटिंग पुन्हा करायला हवं. मागचा भाग उंच झाला की त्या व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. सोबत हेडलाइटचा झोतही तपासावा.

वळवाच्या पहिल्या सरीआधी: वीज

हिशोब फ्रिजपासून सुरू होतो. कॉम्प्रेसरचा ४० लिटरचा फ्रिज चालू असताना ५० वॉट घेतो, पण सलग चालत नाही. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये निम्मा वेळ धरावा. सरासरी २५ वॉट, दिवसाला ६०० वॉट-तास. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॉट-तास मावतात, त्यातले सुखाने वापरण्याजोगे हजार-अकराशे. दिवे, मोबाइल, छोटा पंखा धरून गाडी न हलवता दीड दिवस. तेवढीच साधी ट्रकची बॅटरी घेतली तर निम्मीच वापरता येते, वजन दुप्पट-अडीचपट.

ही दुसरी, लिथियमची बॅटरी बोनेटखाली नको, तिथल्या उष्णतेत तिचं आयुष्य संपतं. अल्टरनेटरला थेट जोडणंही नको. लिथियम रिकामी असताना मिळेल तेवढा करंट ओढते, आणि जुना अल्टरनेटर कमी आरपीएमवर पूर्ण भार घेऊन स्वतःला थंड ठेवू शकत नाही. मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घालावा. पाचवा हिस्सा उरलेली बॅटरी चार तासांच्या प्रवासात भरते. कोल्हापूर ते मालवण वाटेत थांबत गेलं की झालं.

केबलवर पैसे वाचवू नयेत. बोनेटपासून डिकीपर्यंत चार मीटर, परतीची धरून आठ. २० अँपिअरला घरगुती अडीच चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरमध्ये १.१ व्होल्ट वाटेतच जळतात. दहा चौरस मिमीमध्ये पाव व्होल्टच्या आसपास, सोळामध्ये ०.१७. फ्रिज 'लो व्होल्टेज' दाखवून बंद पडतो तेव्हा दहापैकी आठ वेळा बॅटरी भरलेली असते आणि वायर बारीक असते. ३० अँपिअरचा फ्यूज दोन्ही बॅटरींच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. पुढचा एकच लावून भागत नाही; मागून शॉर्ट झालं तर करंट मागची बॅटरीही देते. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर जाते तिथे भोकाला रबरी कडी (ग्रोमेट). अर्थिंगला रंग खरवडून उघड्या लोखंडावर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), वरून ग्रीस. लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्यावेत. उद्यमनगरात ज्याच्याकडे पॅनेलची कामं चालतात तो पाच मिनिटांत दाबून देतो.

शंभर वॉटचं सोलर पॅनेल छतावर आडवं ठेवून उन्हाळ्यात दिवसाला साडेतीनशे-चारशे वॉट-तास देईल. जुलैत गगनबावड्याला ते फक्त वजन आहे.

आर्द्रा

पावसात बाहेर काम नाही, पण गळती शोधायला हाच काळ. पाइपने पाणी मारायचं ते खालून वर: आधी दाराची खालची कड दहा मिनिटं, मग खिडकीचं रबर, मग काच, शेवटी छताची पन्हळ. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून येतं आणि काहीच कळत नाही. आत खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली की पहिला ओला डाग जागा दाखवतो. दाराखालच्या पाणी जायच्या भोकांत चिखल बसलेला असतो. सायकलची आरी घालून मोकळी करावीत. तीच भोकं कुणी 'आवाज येतो' म्हणून सिलिकॉनने बुजवतं आणि तीन वर्षांत दार खालून कुजतं.

उष्णतारोधक म्हणून थर्माकोल नको, ग्लासवूल तर नकोच. ते पाणी धरतं आणि पत्र्याला चिकटून बसतं. दहा मिमीचा बंद छिद्रांचा नायट्राइल फोम, पत्रा थिनरने पुसून कोरडा केल्यावर. तरीही काच ओली होणारच: बंद गाडीत झोपलेली दोन माणसं रात्रीत अर्धा लिटरभर पाणी श्वासातून सोडतात. समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटं उघड्या, वर पाऊस अडवणारी पट्टी (विंड व्हायजर), आत मच्छरदाणीचं कापड चुंबकाने लावलेलं.

श्रावण: फळी

झोपायच्या फळीला प्लाय आयएस ७१० मार्कची (मरीन), १२ मिमी. कापल्यावर कडांना दोन हात पॉलियुरेथेन, कारण पाणी शिरतं ते कडेतून. खालचा सांगाडा एक इंची पाइपचा, वेल्डिंगनंतर झिंक प्रायमर. बसवायचा तो सीटच्या किंवा सीटबेल्टच्या मूळ भोकांवर, ८.८ ग्रेडच्या बोल्टने. पत्र्याला नवं भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघावं: डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग त्याच पट्ट्यातून जातात.

झोपायला सहा फूट लागतात. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवल्या तरी लांबी कमी पडते, म्हणून डोक्याकडचा दीड फुटी भाग बिजागरीवर, प्रवासात मागे दुमडलेला. फळीची उंची फ्रिजच्या मापाने ठरवण्याचा मोह होतो. आधी गादी टाकून वर बसून बघावं; डोकं छताला लागलं तर पावसाच्या संध्याकाळी ती गाडी घर वाटत नाही, पेटी वाटते.

सीट कायमच्या काढून टाकू नयेत. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच सांगितलं. आपल्या जुन्या गाडीला पंधरा वर्षांनंतर पासिंगला उभं राहायचंच असतं. म्हणून सांगाडा चार बोल्टमध्ये निघणारा ठेवावा. लोखंडी बुलबार पुढे लावायचाच नाही.

गणपतीनंतर

छतावर कमीत कमी. रूफ टेंट एकटा ५० ते ७० किलोचा; तो वर चढला की आंबोलीच्या वळणांवर गाडी वेगळीच वागते. वर हलकं आणि मोठं ठेवावं: ताडपत्री, गाद्या, रिकामे कॅन.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत; २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असो, सहा-सात वर्षांनंतर रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. दाजीपूरकडच्या तांबड्या चिखलात हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की फरक लगेच जाणवतो. शिरोळकडच्या काळ्या रानात मात्र पाऊस पडल्यावर कुठलंच टायर कामाचं नाही. नक्षी भरून चाकाचा गोटा होतो, थांबावं. हवा भरायचा कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्याने जोडायचा, सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज तेवढा करंट सोसत नाही. आणि ओढून काढायचा हुक चासीलाच, बंपरला नाही.

गॅस हवेपेक्षा जड, गळला तर फळीखाली साचतो. म्हणून स्वयंपाक दार उघडून बाहेर, आणि झोपताना सिलेंडर रेग्युलेटर काढून गाडीबाहेर. तांबडा-पांढरा दोन्ही करायचा हट्ट असेल तर दोन बर्नर घ्या, एका बर्नरवर मध्यरात्र होते. राधानगरी अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही, चूल तर नाहीच.

दिवाळीच्या फराळासोबत

कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत पाचशे किलोमीटर पूर्ण. आता पाना फिरवायचा: यू-बोल्ट, शॅकल, फळीचे चार बोल्ट, बॅटरीची पट्टी. आवळून झाल्यावर नट आणि पत्रा दोन्हींवरून जाणारी ऑइलपेंटची पिवळी रेघ मारायची. पुढच्या वेळी गाडीखाली टॉर्च घेऊन जायचं आणि एवढंच बघायचं की रेघ तुटली आहे का.