बेरीज बत्तीस

आमचं संशोधनाचं जर्नल म्हणजे फार मोठं काही नाही, वर्षातून दोन अंक, मराठी-इंग्रजी दोन्ही भाषेत, आणि मी त्याचा संपादक कमी आणि हमाल जास्त. पेपर आला की उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला लावायचा, तो तपासणारा जाणकार म्हणजे रिव्ह्यूअर शोधायचा, त्याला तीन वेळा आठवण करायची, सगळं कॉलेजचे तास सांभाळून. पगार झिरो.

2024 चा मे. जळगावचा मे सांगायची गरज नाही, दुपारी एक वाजता स्टाफरूमचा पंखा नुसती गरम हवा खाली ढकलत असतो. त्या दिवशी दोन पेपर एकदम रिपोर्टला लावले. एक केळीवरच्या करप्याचा, रावेर भागातला, त्याला दुसऱ्या मजकुराशी साम्य आलं 41 टक्के. दुसरा कानबाई या खानदेशातल्या देवीच्या गाण्यांवरचा, मराठीत, त्याला 6. मी काय केलं असेल? सहावाला लगेच पुढे पाठवला आणि एक्केचाळीसवालीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. नंतर रिपोर्ट उघडून बघितला तर त्या बाईंचा स्वतःचाच पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंध ठेवायच्या वेबसाइटवर होता, मॅच बहुतेक त्याच्याशी आणि संदर्भसूचीशी. संदर्भ वगळले, स्वतःचा प्रबंध वगळला, आकडा 8 वर आला. "हा पेपर माझ्या प्रबंधावर आधारित आहे" एवढं एक वाक्य टाका म्हणून मेल केला, विषय संपला.

कानबाईचा पेपर गेला होता अमळनेरच्या एका रिटायर्ड सरांकडे. आमच्याकडे डबल ब्लाइंड असतं, म्हणजे लेखकाला रिव्ह्यूअर माहीत नाही आणि रिव्ह्यूअरला लेखक. चार दिवसांनी सरांचा फोन. "भो, हाई ते आपलंच शे. ये इकडे, दाखवतो."

भुसावळकडून सुरतला जाणारी गाडी पकडली, धरणगावच्या पुढे गेलं की अमळनेर. तीनच महिन्यांपूर्वी तिथे साहित्य संमेलन झालं होतं, स्टेशनबाहेर एक फाटका फ्लेक्स अजून लोंबत होता. सरांनी टेबलावर काळ्या बाइंडिंगचा एम.फिल.चा प्रबंध काढून ठेवलेला, 2009 चा, त्यांच्याच एका विद्यार्थिनीचा. शेजारी आमचा पेपर. परिच्छेद तेच पण शब्द फिरवलेले, "श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी" चं "नागपंचमी झाल्यावरच्या पहिल्या रविवारी", कानबाईच्या रोटाचं म्हणजे नैवेद्याचं वर्णन वर-खाली केलेलं. मला वाटलं, सर, सण एकच आहे, वर्णन सारखंच येणार ना.

सर म्हणाले टेबल बघ.

गाणी सांगणाऱ्या बायकांचं तालुकावार टेबल होतं. अमळनेर 14, पारोळा 9, एरंडोल 8, एकूण 32. मी दोनदा केली बेरीज, एकतीस येते. मग प्रबंधातलं टेबल. 14, 9, 8, एकूण 32.

"एरंडोलच्या नऊ होत्या," सर सांगत होते, "एका मावशीच्या पोराने नंतर भांडण काढलं, आमच्या आईचं नाव छापायचं नाही म्हणून. मीच पोरीला सांगितलं, काढ ती ओळ. ओळ काढली, बेरीज तशीच राहिली, व्हायव्हालासुद्धा कोणाच्या लक्षात आलं नाही." आणि आमचा लेखक लिहितो की त्याने फील्डवर्क 2022 मध्ये केलं. तेरा वर्षांनी त्याच तीन तालुक्यांत तेवढ्याच बायका भेटल्या आणि बेरीजसुद्धा तशीच चुकली.

आता सॉफ्टवेअरने का नाही पकडलं? पकडणार कसं? त्याच्या पोटात जे आहे त्याच्याशीच ते ताडून बघतं. हा प्रबंध शोधगंगेवर नाही, एक कॉपी कॉलेजच्या लायब्ररीत आणि एक सरांच्या कपाटात. आणि समजा कोणी पीडीएफ टाकलीही असती तरी तेव्हाचं टायपिंग युनिकोड नव्हतं, जुन्या फॉन्टचं, त्यातून मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी निघते. मराठीतलं 2010 च्या आधीचं कितीतरी लिखाण या मशीनला दिसतच नाही. आणि आम्ही सहा टक्के बघून खूश. मी पण त्यातलाच, टेबल मी पण वाचलं होतं की, बेरीज कोण करतं.

सर लगेच त्या विद्यार्थिनीला फोन लावायला निघाले होते. मी हात जोडले, सर थांबा, आधी लेखकाला विचारू द्या. कोप (COPE) म्हणून संपादकांची एक संस्था आहे, 1997 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली, त्यांनी अशा भानगडींसाठी पायऱ्या ठरवून दिल्यात. रिव्ह्यूअरकडून पुरावा घ्या, किती उचललंय ते स्वतः तपासा, मग लेखकाला पुराव्यासकट पत्र लिहून खुलासा मागा, पटला नाही तर पेपर नाकारा आणि गरज वाटली तर त्याच्या संस्थेला कळवा, आणि शेवटी काय झालं ते रिव्ह्यूअरला सांगा. "आणि लेखक कोण?" सरांनी विचारलं. सांगता येत नाही म्हटलं. सर हसले, "मला माहीत आहे रे, त्या लायब्ररीत कोण बसायचं." मी गप्प, चहा पीत राहिलो.

प्रबंधाच्या पंधरा पानांची झेरॉक्स घेऊन संध्याकाळी परत आलो, रात्री शेजारी शेजारी ठेवून खुणा केल्या आणि मेल लिहिला. "चोरी" हा शब्द चार वेळा टाइप केला आणि चार वेळा पुसला. "लक्षणीय साम्य आढळले, कृपया खुलासा करावा" असं गेलं शेवटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लेखकाचा फोन. आधी मला नुसतं "सर, सर". मग कुठून तरी कळलेलं की माझं सासर चोपड्याकडचं, तर एकदम दाजी. "दाजी, रिपोर्ट तर सहा टक्केच आहे ना, यूजीसीच्या नियमात दहापर्यंत काहीच नाही." विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम त्याला पाठ होता, 2018 चा, दहापर्यंत माफ, दहा ते चाळीस असेल तर पेपर मागे घ्या, चाळीसच्या वर एक इन्क्रिमेंट जातं आणि दोन वर्षं गाइडशिप म्हणजे नवे विद्यार्थी घेणं बंद, साठच्या वर दोन इन्क्रिमेंट आणि तीन वर्षं. सगळं तोंडपाठ. मी म्हटलं मला फक्त त्या बत्तीस बायकांची नावं पाठवा. "अं?" एरंडोलच्या आठ झाल्या, चोवीसाव्यापासून पुढच्या सांगा. शांतता. मग म्हणाला रेफरन्स टाकून देतो ना सर, प्रमोशनची फाईल अडकलीय. परत सर झालो मी.

वाईट वाटलं का, तर हो, थोडं. फाईल माझी पण अडकली होती एकेकाळी. पण रेफरन्स टाकून 2022 चं फील्डवर्क खरं होत नाही. लेखी खुलासा आलाच नाही, एकटाच लेखक, दुसऱ्या कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. पंधरा दिवस वाट बघून पेपर नाकारला, संस्थेला पुराव्यासह पत्र पाठवलं. पोच आली, त्यापुढे आजपर्यंत काही नाही.

मग सरांना कळवलं आणि त्यांच्याकडून नंबर घेऊन त्या एम.फिल.वाल्या बाईंना फोन केला. नंदुरबारकडे एका आश्रमशाळेत शिकवतात. मला वाटलं चिडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या पंधरा पानांची झेरॉक्स मला पाठवाल का, माझ्या कॉपीला वाळवी लागली. म्हटलं पंधरा कशाला, सरांना सांगून पूर्ण करून पाठवतो, आणि ती बेरीज पेनाने दुरुस्त करून देऊ का?

"राहू द्या," म्हणाल्या, "त्या मावशीने गाणं तर सांगितलंच होतं ना."