एका अंगठ्याची उडी

आज दिवसभर मी माझ्या छोट्या प्लॅटफॉर्मर (फळ्या-कड्यांवरून उड्या मारत पुढे जाण्याच्या) गेममधल्या केवळ एका उडीवर काम करत होतो. हा गेम एका हाताने आणि निवांतपणे खेळता यावा, एवढीच अट मी स्वतःला घातली आहे. त्यामुळे पात्र आपणहून चालते आणि स्क्रीनवर कुठेही अंगठा टेकवला की उडी मारते. एका बटणावर अख्खा गेम उभा राहू शकतो हे २००९ साली आलेल्या ‘कॅनाबाल्ट’ या गेमने दाखवून दिले होते, पण त्यातला वाढत जाणारा वेग मला नेमका नको होता.

सकाळी वेग कमी केला, तर खेळ शांत होण्याऐवजी रटाळ झाला. खरी अडचण दुपारी लक्षात आली. कड्यावरून पाय सुटल्यावर क्षणभर उशिरा अंगठा टेकवला, तर पात्र सरळ खाली पडत होते आणि चूक आपली नसून खेळाची आहे असे वाटून चिडचिड होत होती. म्हणून कडा सुटल्यानंतरही ८ फ्रेमपर्यंत, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने साधारण ०.१३ सेकंद, उडी मान्य करण्याची सवलत दिली. गेम तयार करणारे तिला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. खेळाडूला ती दिसत नाही, आणि दिसूही नये.

पडल्यावर पुन्हा पहिल्यापासून खेळायला लावणे तर मी काढूनच टाकले. पात्र मागच्या फळीवर अलगद येऊन उभे राहते. संध्याकाळी फोन डाव्या हातात धरून पाहिला, तेव्हा उजव्या कोपऱ्यातल्या पॉजच्या बटणापर्यंत अंगठा काही केल्या पोहोचेना. ते बटण उद्या खाली आणायचे आहे.