वीर्यतपासणी: गतिशीलतेचा आकडा शेवटी वाचा

जनावराच्या वीर्याचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी गतिशीलतेच्या टक्क्यांवर जाते. खरं तर तो आकडा शेवटी वाचावा, कारण बिघडायला तोच सगळ्यांत सोपा. धुतलेल्या नळीत राहिलेला पाण्याचा थेंब, जंतुनाशकाचा अंश, कृत्रिम योनीला (वीर्य गोळा करायच्या साधनाला) जास्त लागलेलं वंगणाचं जेल, सिरिंजच्या दट्ट्याचं रबर, गार स्लाइड. यांतलं एखादंही उत्तम नमुन्याची वाट लावतं. स्लाइड, कव्हरस्लिप, पिपेटची टोकं, एक्स्टेंडर (वीर्य पातळ करून टिकवणारं द्रावण) हे सगळं आधीच 37 अंशांवर हवं. शुक्राणू गोल-गोल फिरताहेत, शेपट्या वळल्यात असं दिसलं तर जनावराला दोष देण्याआधी थर्मामीटर बघा.

मास मोटिलिटी म्हणजे कव्हरस्लिपशिवाय ठेवलेल्या थेंबात 100 पट मोठं करून दिसणाऱ्या लाटा. बैल, मेंढा, बोकड यांच्यासाठी ही झटपट चाचणी ठीक आहे. मात्र लाटा घनतेवरही अवलंबून असतात. घोड्याच्या वीर्यात मिलीला साधारण 10 ते 30 कोटीच शुक्राणू असतात, त्यामुळे लाटा शोधण्यात अर्थ नाही. सरळ पुढे जाणारे शुक्राणू मोजायचे तर नमुना मिलीला अडीच-तीन कोटींपर्यंत पातळ करा, कव्हरस्लिपखाली 200 ते 400 पटीवर बघा आणि कडेची क्षेत्रं सोडून द्या. दाट थेंबात सगळेच पळताहेत असं वाटतं. गती मोजणारा संगणकही फसतो: अंड्याच्या बलकाचे कण तो न हलणारे शुक्राणू म्हणून मोजू शकतो.

घनतेसाठी फोटोमीटर (नमुन्यातून किती प्रकाश पार होतो ते मोजणारं यंत्र) सोयीचा, पण जेल, धूळ किंवा दुधाचा एक्स्टेंडर मिसळला की आकडा फुगतो. शंका आली तर न्यूबॉअर चेंबर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आखीव चौकटींची काच. फॉर्मल सलाइनमध्ये (फॉर्मॅलिन मिसळलेल्या मिठाच्या पाण्यात) 1:200 पातळ करा (शुक्राणू मेल्याशिवाय मोजता येत नाहीत), चेंबर भरल्यावर काही मिनिटं थांबा आणि मधल्या 25 पैकी 5 चौकटी मोजा. आलेली संख्या गुणिले 1 कोटी, म्हणजे मिलीमागे शुक्राणू. 100 आले तर 100 कोटी. चेंबरच्या दोन्ही बाजूंच्या मोजणीत 10 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर पुन्हा भरा.

घोड्यात मात्र नुसत्या घनतेवर बोलू नये. माजावरची घोडी जास्त वेळ समोर ठेवली की वीर्य वाढतं आणि घनता उतरते. वीर्यातला चिकट जेलचा भाग गाळून मग आकारमान मोजा आणि एकूण शुक्राणू काढा.

आम्ही सर्वांत जास्त भरवसा ठेवतो तो शुक्राणूंच्या रचनेच्या (डोकं, मान, शेपटी यांच्या आकाराच्या) तपासणीवर. हाताळणीने ती त्या मानाने कमी बिघडते, आणि घाईत पहिली वगळली जाते तीही तीच. तेलाच्या भिंगाखाली 1000 पटीवर किमान 200 शुक्राणू मोजा. शंभरच मोजले तर 70 टक्क्यांचा खरा आकडा 61 ते 79 मध्ये कुठेही असू शकतो. बैलाच्या प्रजननक्षमता तपासणीत 70 टक्के सामान्य रचना आणि 30 टक्के पुढे जाणारी गती, हा बराच वापरला जाणारा किमान निकष आहे. 100 मोजून त्यावर पास-नापास ठरवणं धोक्याचं. इओसिन-निग्रोसिन या रंगांचा लेप सावकाश वाळला किंवा स्लाइड गार असली तर शेपट्या वळतात आणि दोष बैलाच्या नावावर लागतो. फॉर्मल सलाइनमधला ओला नमुना फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली (न रंगवता पेशी स्पष्ट दाखवणाऱ्या) बघितला की हा घोळ सुटतो.

शुक्राणूच्या मानेजवळ राहिलेले पेशीद्रवाचे थेंब कोवळ्या बैलात वयामुळे असू शकतात. प्रौढात बरेच दिसले तर वृषणाकडे बघावं लागतं. बैलात शुक्राणू तयार व्हायला 61 दिवस लागतात, वर एपिडिडिमिसमधला (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व होणाऱ्या नळीतला) प्रवास. म्हणून ताप येऊन गेल्यावर पंधरवड्यात घेतलेला नमुना पुरेसा नाही. साधारण 70 दिवसांनी पुन्हा घ्या.

घोड्याचा नमुना अतिशय दाट, गती जवळजवळ शून्य आणि तुटलेली डोकी भरपूर, असं दिसलं तर ते बहुधा ॲम्प्युलात (शुक्रवाहिनीच्या शेवटच्या फुगीर भागात) साचलेलं जुनं वीर्य असतं. काही दिवस रोज संकलन करा, नमुना सुधारत जातो. शुक्राणूच नसतील तर द्रवातला अल्कलाइन फॉस्फटेज हा एन्झाइम तपासा; तो मुख्यतः एपिडिडिमिसकडून येतो. लिटरला 100 युनिटपेक्षा कमी असेल तर एपिडिडिमिसचा द्रव नमुन्यात आलेलाच नाही: स्खलन अपुरं झालंय किंवा मार्ग बंद आहे. हजाराच्या वर असेल तर मार्ग मोकळा आहे, आणि शोध वृषणात घ्यायचा.