दुधात मिरची: नंदुरबारच्या घरातला चॉकलेट मिल्कशेक

माझी भाची शिकागोला असते. ऑगस्टच्या शेवटी फोनवर म्हणाली, "मावशी, 12 सप्टेंबरला इकडे चॉकलेट मिल्कशेक डे असतो. या वेळी दोघींनी मिळून करू या, मसालेवाला. तू तिकडे कर, मी इकडे करते." आमच्याकडे कानबाई असते, पोळा असतो. मिल्कशेकलाही स्वतःचा दिवस असतो हे ऐकून पोरं इतकी खूष झाली की लगेच कॅलेंडरवर लाल गोल काढून मोकळी झाली.

मसालेवाला म्हणजे दालचिनी आणि लाल मिरची घातलेला. मिरचीचं नाव निघालं आणि मी मनापासून तयार झाले. आम्ही नंदुरबारचे. हंगामात पथाऱ्यांवर मिरची वाळत असते तेव्हा नुसतं शेजारच्या रस्त्यानं गेलं तरी ठसका लागतो. आणि कोको आणि मिरची तशी एकाच मुलखातली. मेक्सिकोकडचे माया आणि अ‍ॅझ्टेक लोक कोको पाण्यात घोटून त्यात मिरची घालून प्यायचे. दूध आणि साखर त्यात फार पुढे आली, स्पॅनिश लोक तिथे पोचल्यानंतर. मिरची आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी. तिकडून निघालेली मिरची आमच्या गावात एवढी रुजली, तर तिची कोकोशी गाठ आमच्याच स्वयंपाकघरात पडावी, असं मला फार वाटलं.

आत्याबाईंना सांगितलं तर त्या वाती वळता वळता थांबल्या. "दूधमा मिरची कोन टाकस व बाई?"

पाच दिवस आधी करून बघितला. थंड दूध, कोको पावडर, साखर, दालचिनीची पूड, अर्धा चमचा तिखट, आइसक्रीम, सगळं एकदम मिक्सरमध्ये. फेस छान आला, पण चव जमली नाही. कोकोच्या बारीक गाठी वर तरंगत होत्या. दालचिनी रेतीसारखी जिभेवर येत होती आणि काही वेळानं ग्लासाच्या तळाशी बुळबुळीत थर झाला. तिखटाला तर चवच नव्हती, नुसता कच्चा वास आणि घशाशी एक चटका. धाकट्यानं दोन घोट घेऊन ग्लास खाली ठेवला.

रात्री भांडी आवरताना लक्षात आलं की भाजीत मी असं कधीच करत नाही. शेवभाजीचा मसाला आपण आधी भाजतो, तेलात परततो, तर्री सुटेपर्यंत धीर धरतो. मग दुधातच मसाला कच्चा का टाकायचा? मिरचीचा तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, स्निग्धात उतरतो. दालचिनी-वेलदोड्याच्या वासाचंही तसंच, त्याला ऊब लागते. थंड दुधाकडून ते काम होणार नव्हतं.

दुसऱ्या वेळी एक लिटर म्हशीचं दूध घेतलं. इंचभर दालचिनीचा तुकडा, चार वेलदोडे ठेचून, तीन मिरे, आणि तव्यावर फुगेपर्यंत शेकलेली एक सुकी लवंगी, बियांसकट. हे सगळं दुधात टाकून दहा मिनिटं उकळलं. मसाल्याचा वास घरभर झाला, पण दूध इतकं जहाल झालं की त्याचं काही करता येईना. लवंगी इथे चालत नाही, हे मी आता खात्रीनं सांगते. तिचा तिखटपणा सरळ डोक्यात जातो आणि चॉकलेट मागे पडतं.

तिसऱ्या वेळी ब्याडगी घेतली. डब्यात हिंगाचा खडा ठेवून जपलेली गेल्या वर्षीची होती, नवी मिरची अजून यायची होती. तिला रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. देठ काढून, उभी चिरून बिया झटकल्या आणि मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम शेकली. मिरची करपली की दूध कडू होतं, म्हणून तव्यापासून हलले नाही. दुधाला कडेनं बारीक बुडबुडे दिसायला लागले तसा गॅस बंद केला, मसाले आत टाकले आणि झाकण ठेवून वीस मिनिटं तसंच राहू दिलं. उकळायचं नाही, मुरवायचं.

तोवर वाटीत पाच चमचे कोको घेतला आणि त्यात थोडं थोडं गरम दूध घालत चमच्यानं घोटला. सुरुवातीला तो दुधाला जवळच येऊ देत नाही, कोरडा राहून कडेला पळतो. दाबून घोटत राहिलं की एका क्षणी एकदम वळतो आणि काळ्या लोण्यासारखा चकचकीत होतो. असा गोळा झाला की पुढे गाठ राहत नाही. तो गाळलेल्या दुधात घातला, दहा चमचे साखर घातली, मंद आचेवर एकदा नीट ढवळून घेतलं आणि शेवटी चिमूटभर मीठ. आत्याबाई दुधात मीठ घालू देत नाहीत, पण या एका कामापुरती त्यांनी परवानगी दिली. मिठानं कोकोचा कडवटपणा खाली बसतो.

साखरेचं एक सांगते. गरम असताना दूध जरा जास्तच गोड लागलं पाहिजे. थंड पदार्थात गोडी कमी जाणवते, त्यामुळे गरम असताना बरोबर लागलं तर थंड झाल्यावर ते फिकं पडतं. तिखटाचं गणितही म्हशीच्या दुधावर ठरतं. त्यातलं स्निग्ध आणि दुधातलं प्रथिन मिरचीचा चटका धरून ठेवतं, म्हणून एका लिटरला एक पूर्ण ब्याडगी सहज पेलते. पातळ दूध असेल तर अर्धीच घालावी.

आइसक्रीमऐवजी केळं गोठवून घालून बघा, असं शेजारच्या वहिनींनी सुचवलं. जळगावची केळी घरात होतीच. घट्टपणा सुरेख आला, पण मग ते केळ्याचंच पेय झालं. चॉकलेटच्या दिवशी मला ते नको होतं. शिवाय बर्फानं सगळं पाणचट होतं. म्हणून तयार मसाला-दुधातलंच अर्धं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं आणि उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं.

12 तारखेला संध्याकाळी सात वाजता फोन लावायचा ठरला होता. तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ. साडेसहाला आभाळ भरून आलं आणि लाइट गेली.

इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, मिक्सर नाही. धाकट्याचा चेहरा उतरला. मी दुधाचे खडे जाड फडक्यात बांधून बत्त्यानं ठेचले, मोठ्या पातेल्यात थंड दुधात टाकले आणि ताक घुसळायची रवी काढली. मेक्सिकोत चॉकलेटला फेस आणायला अशीच लाकडी रवी असते, दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. आणि अमेरिकेतही विजेची यंत्रं येण्याआधी लोक मिल्कशेक हातानंच हलवून करायचे. आत्याबाई वाती बाजूला ठेवून उठल्या. "दे इकडे, तुले नाही जमस." चाळीस वर्षं ताक केलेले हात. रवी जोरात नाही, पण एका लयीत फिरत राहिली. पाच-सात मिनिटांत वर तपकिरी, बारीक, दाट फेस चढला. मिक्सरमध्ये इतका बारीक फेस मला एकदाही आला नव्हता.

इन्व्हर्टरच्या दिव्यात फोन लावला. पलीकडे भाची, तिच्या हातात ग्लास. इकडे आम्ही सहा जण, स्टीलच्या पेल्यांत. पहिला घोट गार आणि गोड, मग दालचिनी, आणि गिळून झाल्यावर घशात हळूच पसरणारी ऊब. आत्याबाईंनी पेला संपवूनच तोंड उघडलं, "पहिले गोड लागस, मंग तिखं." भाची तिकडून म्हणाली, "आजी, अगदी असंच लागायला पाहिजे!"

रात्री पाऊस आला आणि हवा गार पडली. पातेल्यात दोन कप उरलं होतं, ते मी गरम केलं आणि ह्यांच्याबरोबर ओट्याशी उभ्यानंच प्यायले. गरम दुधात मिरची आधी लागते आणि चॉकलेट मागून येतं.