आधी गळा, मग वाद्य

माझे काका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. त्यांचे जुने, एका चावीची स्प्रिंग गेल्यामुळे तिथे रबर बांधलेले वाद्य घेऊन मी आठवीत आपल्या शाळेच्या बँडपथकात दाखल झालो. संगीताच्या सरांनी मात्र पहिला महिनाभर ते पेटीबाहेर काढू दिले नाही. दुपारी गिरणीचा भोंगा चढत जाऊन एका स्वरावर स्थिरावला की सर म्हणत, ‘हा सा धर आणि भूपाचा आरोह गाऊन दाखव.’ वाजवायला आलेल्या मुलाला गायला लावणे मला तेव्हा निव्वळ छळ वाटे.

पुढे सॅक्सोफोनच्या नादाने मी मुंबईला गेलो आणि तिथे लेनी ट्रिस्टानो यांची ओळख ध्वनिमुद्रणांतून झाली. १९१९ साली शिकागोत जन्मलेले आणि लहानपणीच दृष्टी गेलेले हे पियानोवादक मैफलींपेक्षा शिकवणीत अधिक रमले आणि १९५१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जॅझची शाळा काढली. लेस्टर यंग किंवा चार्ली पार्कर या जॅझ सॅक्सोफोनवादकांचे वादन तबकडीवरून ऐकून, वाद्याला हात न लावता, ते जसेच्या तसे गाऊन दाखवावे, असा त्यांचा शिष्यांना दंडक होता. आपल्याकडे राग आणि ताल यांच्या चौकटीत विस्तार होतो. जॅझमध्ये बहुधा ठरलेल्या स्वरसंगतींचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचे, म्हणजे कॉर्ड्सचे) आवर्तन फिरत राहते आणि पायाखालची संगती सारखी बदलत असताना वादकाला नवी ओळ सुचावी लागते. ती बोटांच्या सवयीतून न येता कानातून यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१९४९ मध्ये त्यांनी शिष्यांसह चाल, संगती, लय यांपैकी काहीच आधी न ठरवता दोन रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्यांपैकी ‘इन्ट्यूशन’ मी एका दिवाळीत सोलापूरला आलो असताना निवृत्त सरांना ऐकवली. (कॅसेट प्लेअर शेजाऱ्यांचा होता आणि त्यात मध्येच टेप अडकली, हेही नमूद करतो.) ट्रिस्टानो हे नाव सरांनी कधी ऐकलेले नव्हते. डोळे मिटून दोनदा ऐकल्यावर ते म्हणाले, ‘सम कुठे आहे, काही कळत नाही. पण हा सॅक्सोफोनवाला आधी गायलेला आहे.’

तो सॅक्सोफोनवाला म्हणजे ट्रिस्टानोंचा शिष्य ली कोनिट्झ.