शिकागो: पक्षाचे नाव नसलेली मतपत्रिका

२०२३च्या मार्चअखेरीस मी शिकागोला पोहोचलो, तेव्हा महापौरपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी तोंडावर आली होती. २८ फेब्रुवारीच्या पहिल्या फेरीत नऊ उमेदवार होते आणि कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने पॉल व्हॅलस आणि ब्रँडन जॉन्सन या पहिल्या दोघांत ४ एप्रिलला पुन्हा लढत होणार होती. तेव्हाच्या महापौर लोरी लाइटफूट पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या होत्या.

डेव्हन अ‍ॅव्हेन्यूजवळ ज्या मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो, तिथल्या काकूंनी मला नमुना मतपत्रिका दाखवली. दोन नावे आणि नावांशेजारी भरायचे लंबगोल, एवढेच. पक्षाचा उल्लेख कुठेही नाही. आपल्याकडे ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवली जात नसली, तरी कोणते पॅनेल कोणाचे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. इथेही तसेच होते. दोघेही स्वतःला डेमोक्रॅट म्हणवत असल्यामुळे खरी ओळख पाठीराख्यांवरून ठरत होती: शिक्षकांची संघटना जॉन्सन यांच्यामागे आणि पोलिसांची व्हॅलस यांच्यामागे. काकू म्हणाल्या, "अहो, पक्ष लिहिलेला नसला की सगळी पत्रकं वाचावीच लागतात."

ही पद्धत फार जुनी नाही. १९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, दोन गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये मते विभागल्याने बहुमताशिवाय जिंकले आणि पुढे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. १९९५ मध्ये, रिपब्लिकन बहुमत असलेल्या राज्य विधिमंडळाने पक्षविरहित निवडणुकीचा कायदा केला, जो १९९९ पासून अमलात आला. त्यामागे काय हेतू होता यावर वाद आहेत. तरी महापौराला निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत, ही अट मला मोलाची वाटते.

मुदतपूर्व मतदान सुरू असलेल्या एका केंद्राबाहेर निळे शंकू मांडलेले होते. प्रवेशद्वारापासून शंभर फुटांच्या आत प्रचार करता येत नाही, त्याची ती खूण. शंकूंच्या पलीकडे दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते शेजारी शेजारी उभे राहून पत्रके वाटत होते. एक आजीबाई दोघांकडूनही पत्रक घेऊन बाकावर बसल्या आणि चष्मा लावून दोन्ही वाचूनच आत गेल्या.

अखेर जॉन्सन सुमारे ५२ टक्के मते मिळवून निवडून आले. मतदान मात्र चाळीस टक्क्यांच्याही आत राहिले, याचे मला मनापासून वाईट वाटले.