डाग गेला, आणि दोष कॉइलचा नव्हता

हाताने गुंडाळलेल्या छोट्या कॉइलने मी एमआरआयची सूक्ष्म चित्रं काढते. मागच्या नोंदीतल्या चित्रात पाण्याच्या फँटमच्या (चाचणीच्या नमुन्याच्या) डाव्या टोकाला चंद्रकोरीसारखा काळा डाग होता. काल रात्री तो पहिल्यांदाच दिसला नाही. तीन आठवडे मी कॉइल उलगडून पुन्हा गुंडाळत होते, एकूण चार वेळा, आणि चूक भलतीकडेच होती.

मांडणी तीच आहे: चुंबक ९.४ टेस्लाचा, म्हणजे प्रोटॉनसाठी (हायड्रोजनच्या केंद्रकासाठी, ज्याच्या सिग्नलवरून चित्र बनतं) ४०० मेगाहर्ट्झ. पाव मिलिमीटरच्या एनॅमल तारेचे ५ वेढे, ०.४ मिमी अंतराने, केशनळीवर घट्ट बसतील असे. हिशेबाने २८ नॅनोहेन्रीच्या आसपास. कॉइल त्या वारंवारतेला जुळवायला, म्हणजे ट्यूनिंगला, लागणाऱ्या साडेपाच-पावणेसहा पिकोफॅरडपैकी ३.९ चिप कपॅसिटरचे, उरलेले ट्रिमरचे (फिरवून बदलता येणाऱ्या कपॅसिटरचे). चिप मी कॉइलच्या मुळाशी, नमुन्यापासून साडेतीन मिमीवर बसवली होती, कारण मधली तार वाढली की क्यू (ऊर्जा किती कमी वाया जाते याचं माप) पडतो.

आधी वाटलं बुडबुडा असेल. नळी १८० अंशांत फिरवली, डाग जागचा हलला नाही. मग तांबं-हवा सीमेवर संशय घेतला. तांब्याची चुंबकीय ग्राह्यता (पदार्थ क्षेत्रात किती चुंबकित होतो ते) उणे ९.६ पीपीएम, हवेची अधिक ०.३६, एवढा फरक तारेला लागून असेल तर क्षेत्र बिघडणारच. म्हणून १९९५ पासून सूक्ष्म कॉइलवाले जे करत आले आहेत तेच केलं: कॉइल एफसी-४३ या फ्लोरिनयुक्त द्रवात बुडवली. त्याची ग्राह्यता तांब्याजवळची, शिवाय त्यात हायड्रोजन नसल्याने चित्रात त्याचा मागमूस नाही. सिग्नलच्या रेषेची रुंदी (क्षेत्र जितकं एकसारखं तितकी ती कमी) १९० वरून १५० हर्ट्झवर आली. डाग मात्र तसाच.

तेव्हा जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. रीड आणि फेज ग्रेडिएंटच्या (चित्रातली जागा ठरवणाऱ्या दोन क्षेत्र-उतारांच्या) दिशा अदलाबदल केल्या. डागाची कोर आडवी होती ती उभी झाली. आरएफ क्षेत्राच्या (कॉइलच्या रेडिओ-क्षेत्राच्या) असमानतेचा डाग असता तर त्याला रीडच्या दिशेशी काही देणंघेणं नसतं. ग्रेडिएंट एको पद्धतीत एको टाइम (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) वाढवला तसा तो पसरत गेला, स्थिर क्षेत्राचा बिघाड बराचसा भरून काढणाऱ्या स्पिन एकोमध्ये आक्रसला. म्हणजे स्थिर क्षेत्रच बिघडतंय आणि बिघडवणारं काहीतरी अगदी जवळ आहे. शिमनं (क्षेत्र एकसारखं करणाऱ्या जादा कॉइलनं) ते भरून निघत नव्हतं, कारण इतक्या जवळून येणारा चढउतार शिम कॉइलच्या आवाक्यापेक्षा फार बारीक असतो.

प्रोब (कॉइल ज्यात बसते तो भाग) उघडला. एकेक भाग दोऱ्याला टांगून निओडिमियम चुंबकाजवळ नेला. तार स्थिर. सोल्डरचा थेंब स्थिर. चिप कपॅसिटर हलकेच वळला आणि चुंबकाला जाऊन चिकटला.

तांत्रिक पत्रक आता नीट वाचलं: टोकांवर कथिल, आणि कथिलाखाली निकेलचा थर. पुरवठादाराच्या यादीत ‘आरएफसाठी उत्तम’ एवढंच होतं. क्यूच्या दृष्टीने ते खरंच, पण चुंबकात जाणाऱ्या भागाला ते पुरत नाही. २ मायक्रॉन जाडी आणि दोन्ही टोकं मिळून ३ चौरस मिमी धरले तर निकेल जेमतेम ०.००६ घनमिलिमीटर. ते ९.४ टेस्लात पूर्ण संपृक्त होतं, आणि साडेतीन मिमीवर त्याचं क्षेत्र प्रोटॉनला ५०० हर्ट्झच्या घरात सरकवतं. सगळं गणित एका ओळीचं, मी ते मांडलंच नव्हतं.

तांब्याचा थर असलेले अचुंबकी कपॅसिटर लावले. रुंदी २२ हर्ट्झ. क्यू ११८ होता, १२१ झाला, म्हणजे तिथे काही गमावलं नाही. (क्यू मोजायला नॅनोव्हीएनए या छोट्या मापकाची दुसरी आवृत्ती वापरा. पहिली ३०० मेगाहर्ट्झच्या पुढे हार्मोनिकवर चालते, आणि सैल जोडलेल्या दोन लूपचा क्षीण सिग्नल तिच्या नॉइजमध्ये बुडतो.)

मग गवताची काडी घातली, ४० मायक्रॉनचा व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान ठोकळा), रात्रभर. सकाळी कडेनं वाहिन्यांचे पुंजके एकामागून एक सुटे दिसले. डाव्या टोकालाही. किती वेळ पाहत बसले कळलं नाही.

पुढे ०.७ मिमीची कॉइल करायची ठरलं होतं. पण हे लिहिताना सुचलं की मुळाशी चिप हवीच कशाला? तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये ०.१ मिमी टेफ्लॉन ठेवला तर ३.९ पिकोफॅरडला २१ चौरस मिमी लागतात, म्हणजे ३ बाय ७ ची पट्टी. टेफ्लॉनमध्येही हायड्रोजन नाही. मला धास्ती एकच: तो दाबाखाली हळूहळू पसरतो, आणि पातळ झाला की ट्यूनिंग खाली सरकेल. आणि कनेक्टर! सोन्याच्या मुलाम्याखाली तिथेही बहुधा निकेलच असतं. नमुन्यापासून ४० मिमीवर आहे, परिणाम अंतराच्या घनाने घटतो, पण धातू कितीतरी जास्त. तो उद्या दोऱ्याला टांगते. पट्ट्या आत्ताच कापून ठेवल्या आहेत; दोन दिवस पकडीत दाबून ठेवून धारकता किती बदलते ते मोजेन. ०.७ ची कॉइल त्यानंतर.